रंग न लावलेलं अस्तर

सातारा, १२ डिसेंबर

आक्का,

हे पत्र दिवाळीआधीच लिहायचं होतं. मग म्हटलं, दिवाळीत घरात गडबड, तुला वाचायला सवड कुठली. मग तुळशीचं लग्न झालं. मग पेन सापडेना. खरं सांगायचं तर पेन समोरच होतं. वर शाळेत शिकवलेलं 'सा. न. वि. वि.' लिहिलं होतं, ते खोडलं. तू माझा नंबर फोनवर अडवून ठेवलास. पोस्टमनला अडवता येत नाही, म्हणून हे.

परवा शिरवळच्या स्टँडवर आपल्या गावची रेश्मा भेटली. तिथल्याच एका कंपनीत नवरा असतो तिचा, गुबगुबीत झालीय, ओळखू आली नाही. केसांना कसला तरी तांबडा रंग लावलाय. ते जाऊ दे. ती माहेरी जाऊन आली होती. म्हणाली, आबा बाजारातनं घरी आले ते एकाच पायात चप्पल घालून. दुसरी वाटेत कुठं तरी निसटली आणि त्यांना पत्ताच नाही. तू दारात विचारलंस तेव्हा त्यांनी खाली बघितलं. गाव हसलं म्हणे. मला हसू आलं नाही. साखरेनं तळपाय मेला की असं होतं, हे मी इथं शिकले. आमच्याकडं तसले पाय येतात.

'आमच्याकडं' म्हणजे काय हे आता तुलाही माहीत आहे. मी पर्सच्या कारखान्यात आहे म्हणून सांगत होते. बूट करायच्या दुकानात आहे हे कळल्यावर आबा फोनवर काय म्हणाले, ते तू शेजारी बसून ऐकलंस. "फौजंतल्या हवालदाराची पोरगी कातडं कुरतडती? आपल्यातल्या बायका कातड्याला हात लावत न्हाईत." आणि मीही गप्प बसले नाही. "आबा, अठरा वर्षं तुमी रोज सकाळी बुटाला पालिश मारलं, ते काय भाकरीचं हुतं व्हय?" त्यांना बूट चालतो, कातडं चालत नाही. तू त्यांच्या बाजूनं बोललीस. आई असती तर ती पण तेच बोलली असती, म्हणून तुझा राग धरला नाही. थोडा धरला.

तर आता ऐक. नर्सिंग मी सोडलं, पुण्यातलं दुकान सोडलं, शिरवळचं पॅकिंग सोडलं. पण इथं टिकलेय. मोती चौकातनं खाली उतरलं की बोळात चंद्राबाई मावशींचं दुकान आहे. नवरा गेल्यावर मावशीच चालवतात. माप घेऊन हातानं बूट करतात. चार शिव्या दिल्याशिवाय त्यांचा दिवस उजाडत नाही. मला आबांसाठी बूट करायचाय. मऊ. पायाला कुठं काही लागणार नाही असा. नाही तर तो पाय जाईल, आक्का. मी घाबरवत नाही, बघितलंय ते सांगते.

आबा दुपारी जेवून झोपतात तेव्हा त्यांच्या पायाखाली पेपर धरायचा आणि पेन्सिल उभी धरून कडेनं रेघ मारायची. दोन्ही पायांची. एवढंच कर. बोलू नकोस माझ्याशी, चालेल.

सृष्टी


सातारा, ५ जानेवारी

आक्का,

पेपर मिळाला. एक अक्षर लिहिलं नाहीस, पण द्राक्षाच्या औषधाच्या जाहिरातीवर आबांचे दोन पाय आले. मी ते पत्र्याच्या पेटीवर पसरले आणि बराच वेळ नुसती बघत बसले. उजव्या अंगठ्यापाशी रेघ थरथरलीय. आबा जागे झाले होते का? जागे होऊनही पाय हलवला नाही का? याचं उत्तर तू देणार नाहीस, मला माहीत आहे.

मावशींना दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला.

"डॉक्टरनं त्या जाड मऊ तळाच्या सँडला सांगितल्या असतील की."

"सांगितल्यात. आबा घालत नाहीत. म्हाताऱ्यांच्या म्हणतात."

"म्हंजे तुझ्या बाला बाहेरनं परेडचा बूट पायजे, आन् आत कापूस."

"व्हय."

"तसला बूट इश्वकर्म्याला बी व्हायचा न्हाई." मग पेपर घडी करून कनवटीला लावला. "बघू."

म्हणजे हो. त्यांचं असंच असतं.

तुला कातड्याचं ऐकायचं नाही, तरी सांगते. बुटाच्या वरच्या भागाला आम्ही रेडकाचं कातडं घेतलंय. मोठ्या म्हशीचं जाड पडतं, दुमडलं की रेघ उठते आणि तीच रेघ बोटांवर घासते. रेडकाचं दुमडतं आणि परत सरळ होतं. तळाला एरवी म्हशीच्या पाठीचं घालतात, बाभळीच्या सालीच्या पाण्यात महिनेच्या महिने मुरलेलं. आणणारा माणूस दुकानात आला की सगळीकडं काढ्याचा वास सुटतो. आई सर्दीला करायची तसा. मी पहिल्यांदा आले तेव्हा घाण वास येईल म्हणून तोंडाला ओढणी बांधली होती, आणि आला तो घरचा वास. म्हणूनही टिकले असेन. पण आबांना तो तळ कडक होईल. मावशींनी तो तासून पातळ केला, त्याखाली रबर, त्यावर बुचाचा चुरा खळीत कालवून, आणि त्याच्यावर जाड स्पंज. बोटं टेकतात तिथं आत शिवण कुठंच नाही. सगळी शिवण बाहेरनं वळवली. त्या एका गोष्टीसाठी मावशींनी दोन वेळा उसवलं.

आतलं अस्तर बकऱ्याचं. मी तपकिरी घेत होते, बाहेरच्या रंगाला शोभेल असं. मावशींनी हातातनं हिसकावलं. "रंगाचं नगं. पांढरंच लाव. आत रगत आलं तर लगीच दिसाय पायजे. पायाला कळत न्हाई तर डोळ्याला तरी कळू दे."

तर अस्तर पांढरं आहे. रोज बूट काढला की आत बघायचं, हे काम तुझं.

आता वरचं कातडं कलबुतावर ताणून ठेवलंय. कलबूत म्हणजे लाकडाचा पाय, आबांच्या मापाचा तासलेला. त्याच्यावर ते निवांत बसू द्यावं लागतं, तरच आकार धरतं. मला बसवेना. मी वाईला निघून गेले, घाटावर पाय सोडून बसले, एका बाईबरोबर तिच्या हरवलेल्या शेळीच्या मागं अर्धा दिवस हिंडले. शेळी मिळाली, गाभण होती. परत आले तर मावशी म्हणतात, "आलीस व्हय भवाने? कलबूत पळून जात न्हाई, कारागीर पळतंय."

कातडं छान बसलंय. आबांचाच पाय वाटतो.

सृष्टी


सातारा, २० फेब्रुवारी

आक्का,

बूट नानासो काकांकडं दिलेत. आबांच्या पलटणीतले, बांधाला बांध लागून मळा असलेले, म्हणजे आबा त्यांच्या हातनं तरी घेतील म्हणून. पार्सलनं पाठवणार होते, पण कवठे महांकाळला माझं दुसरं काम होतं. काही काम नव्हतं. स्टँडवर उतरले, काका चहाच्या गाड्यावर भेटले, दिलं आणि त्याच गाडीनं मागं फिरले. घराकडं येणारी वाट दिसत होती तिथनं. नवा पत्रा घातलाय का गोठ्यावर?

बुटात चिठ्ठी घातलीय. पहिले आठ दिवस अर्धा तासच घालायचा. पायमोज्याशिवाय घालायचा नाही. काढल्यावर तळपाय आरशात बघायचा. काकांनाही तोंडानं सांगितलं. ते मिशीत हसले. "आमाला बूट घालाय शिकिवतीस व्हय गं? आमी बुटात झोपल्यालो माणसं हाय."

मग बूट उलटासुलटा करून बघितला, वास घेतला, आणि म्हणाले, "ह्यो तू केलास? खरं सांग."

"मी आणि मावशींनी."

"ज्ञानूला, तुझ्या बाला, दिऊन बघतो. ओढ्यात टाकला तर मला बोल लावू नगंस."

आबांनी काय केलं? ओढ्यात टाकला तरी कळव. कोरा पेपर पाठवलास तरी मी समजेन, टाकला म्हणून.

सृष्टी


सातारा, ९ मार्च

आक्का!

पेपर आला नाही, पण रेश्माच्या भावानं व्हिडिओ पाठवला. आबा मारुतीच्या देवळावरनं चाललेत, पायात माझे बूट! पाठ ताठ, हात जागच्या जागी, मागं दोन पोरं नक्कल करत चाललीत आणि आबांना खबर नाही. मी रस्त्यातच उभी राहून बघितलं, मागनं रिक्षावाला ओरडला, मी त्यालाही दाखवलं. माझे वडील, म्हटलं. तो म्हणाला, बरं मग, बाजूला व्हा.

मावशींनी बघितलं. "चालतोय बघ तुझा बा, जनू राष्ट्रपती बघाय बसलाय." आणि मग त्यांनी आपल्या पैशानं पेढे आणले. मावशींनी पेढे आणणं म्हणजे काय, ते साताऱ्यात कुणालाही विचार.

बूट व्हिडिओत जरा काळपट दिसतात. पालिश जोरात केलं असणार आबांनी, सवयच ती.

तू अजून बोलत नाहीस, नको बोलूस. एवढं सांग, अर्धा तासच घालतात ना? मोजा घालतात ना? व्हिडिओत मोजा दिसत नाही, पँट लांब आहे म्हणून असेल.

तुझी सृष्टी


सांगली, २ एप्रिल

आक्का,

तू वर दुसऱ्या मजल्यावर आबांजवळ आहेस आणि मी खाली दवाखान्याच्या फाटकासमोर चहाच्या गाड्यावर बसलेय. वॉर्डात समीक्षा म्हणून एक मुलगी काम करते, ती हे तुला आणून देईल. तिच्यावर चिडू नकोस, मी पाया पडले तिच्या.

सकाळी जिन्यात तू म्हणालीस, "तुझ्या बुटानं न्हेला त्यांचा पाय. वर येऊ नगंस." मी आले नाही. खाली बसून येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात काय आहे ते बघते. सवय लागलीय. एका म्हाताऱ्याच्या दोन चपला दोन जातीच्या आहेत.

बूट कसा काय लागला, हे मला कळत नव्हतं. काल रात्रभर मी मनात तो परत परत उसवला. शिवण नव्हती, रेघ नव्हती. मग दुपारी नानासो काका चहाला खाली आले. माझ्या शेजारी बसले. त्यांनी सांगितलं ते तुला माहीत आहे का, मला माहीत नाही. माहीत नसेल तर वाच.

"फौजंत नवा बूट असाच नरम करत्यात," काका म्हणाले. "आत पाणी भरायचं, भिजू द्यायचं. मग मोजा न घालता पाय घालायचा आन् सुकंपातूर चालायचं. बूट सुकताना पायाचा हुतो. ज्ञानूनं तुझा बूट चार दिस नुसता खाटंवर ठिवला हुता. पाचव्या दिशी हौदावर घिऊन आला. म्हणला, नानासो, पोरीनं केलाय तर ट्रंकंत ठिवाय न्हाई केला. भरूया पाणी."

"चिठ्ठी होती की हो आत, काका."

"हुती. त्यानं वाचली. म्हणला, हे शिवीलवाल्यांसाठी आसतं, फौजींसाठी न्हाई."

मी विचारलं, किती चाललात?

"तळ्यापातूर गेलो, माघारी आलो, परत गेलो. ऊन लय हुतं, पर बूट काय लौकर सुकंना. मी इचारलं, ज्ञानू, लागतोय का रं? तर म्हणला, गड्या, कायच कळत न्हाई. असला मऊ बूट मी उभ्या जन्मात घातला न्हाई."

आक्का, मी अस्तर पांढरं ठेवलं होतं. पाण्यात वरच्या कातड्याचा रंग आत उतरला, सालीचं पाणी उतरलं, सगळं तपकिरी झालं. तू रोज आत बघत होतीस, काका म्हणाले, तू उन्हात धरून बघायचीस. तुला दिसणार कसं? तुझी चूक नाही. ओलं करू नका, असं मी लिहायला हवं होतं, पण बूट पाण्यानं भरू नका असं कुणी चिठ्ठीत लिहितं का? आपल्या घरात लिहायला हवं होतं. आबांनी अठरा वर्षांत असे किती बूट नरम केले असतील, लहानपणी तू बघितलंयस, मी नाही, मी तेव्हा पाळण्यात. तुला तरी आठवायला हवं होतं. नाही, हे खोडते. खोडून पण दिसतंय, राहू दे.

बोटं गेली ती गेली. उद्या गुडघ्याखाली कापणार म्हणतात. मला त्यांना एकदा बघू दे. लांबनं. दारातनं. बोलणार नाही. पाय आहे तोवर.

सृ.


सातारा, १८ मे

आक्का,

तू बोलावलं नाहीस. समीक्षा रिकाम्या हातानं खाली आली आणि म्हणाली, "ताई वाचत हुत्या, पर तोंड भिताडाकडं हुतं." संध्याकाळपर्यंत बसले. मग चहावाल्यानं बाकडी उचलली.

नानासो काकांचा फोन आला होता, आबा घरी आलेत म्हणून. खाटेवरनं उठत नाहीत, कुबड्या भिंतीला तशाच. जेवायला वाढलं की ताटाकडं बघत बसतात. रात्री पाय खाजतो म्हणून तुला हाक मारतात, आणि तू उठतेस, आणि खाजवायला पाय नसतो. असताना त्या पायाला कळत नव्हतं आणि आता कळतंय. हे कुणाला सांगायचं?

मी काम करत नाही. म्हणजे दुकानात जाते, रापी, म्हणजे कातडं तासायची सुरी, हातात घेते, कातडं पुढं ठेवते आणि हात चालत नाही. कातडं पाणी पितं हे मला ठाऊक होतं. आम्हीच ओलं करून कलबुतावर ताणतो, सुकलं की आवळतं, म्हणून तर आकार येतो. आबांनी वेगळं काय केलं? आमचंच काम त्यांनी स्वतःच्या पायावर केलं. मला हे झोपेतही सुचायला हवं होतं.

मावशी परवा म्हणाल्या, "डाव्या पायाचा येक करू. नवा. तेवढा तरी जपला पायजे."

"कुणी घालायचा?"

"तुझा बा."

"तो आता माझ्या हातचं पाणी तरी घेईल का, मावशी?"

त्यांनी डाव्या पायाचं कलबूत पुसून फळीवर ठेवलं. शिवी पण दिली नाही.

म्हणून मी निघतेय. बॅग भरून दारात ठेवलीय. कुठं जाणार, अजून ठरलं नाही, हायवेला जी गाडी थांबेल तिकडं. या बोळात आता काढ्याचा वास आला की मी परत तोंडाला ओढणी बांधते. तुझ्याकडं एकच मागणं आहे. पाय कापायला नेताना आबा काही बोलले का? बुटाबद्दल, माझ्याबद्दल? शिवी असली तरी लिही. पत्ता मात्र नाही माझा, मावशींकडं पाठव, मी कधी तरी विचारून घेईन. आणि तू जेवत जा. काका म्हणाले, तू पार वाळलीस. तुला मी

आक्का, मधेच थांबले होते. नानासो काका आलेत. इथं, साताऱ्यात, दुकानात. पहिल्या गाडीनं निघाले होते, स्टँडवरनं विचारत विचारत चालत आले. मला वाटलं, आबांचं काही झालं. "आबा?" एवढंच विचारलं.

"तसं कायबी न्हाई," म्हणाले. "ज्ञानूनंच धाडलंय मला. म्हणला, नानासो, तुझी बी साखर वाढलीया, तुला बी बूट लागणार. बाजारातला घिऊ नगंस. माझ्या पोरीकडं जा. तिच्यावानी मऊ बूट कोण करत न्हाई."

मी म्हटलं, "काका, आबांचा पाय त्याच बुटात गेला."

"पाय गेला, बूट ऱ्हायला की," काका म्हणाले. "खाटंखाली हाय. आक्का टाकत हुती, ज्ञानूनं टाकू दिला न्हाई."

आणि बाकड्यावर बसून उजवा पाय माझ्यापुढं केला. माप घे म्हणाले. मी खाली बसले, त्यांची वहाण काढायला गेले, तर ती निघेना. टाच जरा उचलली, तर पायही वहाणेबरोबर उचलला. वाकून बघितलं. टाचेचा खिळा तळातनं वर आलाय, आणि तो वहाणेत नाही, काकांच्या टाचेत आहे. स्टँडपासनं इथपर्यंत ते त्याच्यावर चालत आलेत.

"वढ की गं," ते म्हणाले. "घट्ट बसलीया जरा. नवी हाय न्हवं."

मावशींनी बघितलं. त्या रिक्षा आणायला धावल्या, अनवाणीच. मी काकांना म्हटलं, पाय हलवू नका. का म्हणून विचारत होते. मी म्हटलं, माप चुकतं. आता ते तंबाखू मळत बसलेत, पाय माझ्या मांडीवर आहे, आणि मी दुसऱ्या हातानं हे लिहितेय, कारण मला दुसरीकडं कुठं बघता येत नाही.

"कुणाला लिव्हतीस?" त्यांनी विचारलं.

"आक्काला."

"मग माझं बी लिव्ह तिला. म्हणावं, नानासो सुखरूप पोचला."